मामांच्या घरी वाढलेल्या मुलीने हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी वीस वर्षांची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. नऊ वर्षांची असताना वडील रस्त्यावरच्या अपघातात गेले. ते एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला होते. आई आणि अल्पवयीन धाकटा भाऊ सोलापूर जिल्ह्यात गावी असतात, आई शिवणकाम आणि शेतमजुरी करते. मुलगी पुण्यात मामांच्या बंगल्यात वाढली. खाणंपिणं, कपडे, फी सगळं मामांनी केलं. घरातली निम्मी कामं ती करते. तिचे सगळे कागद मामींच्या कपाटात आहेत. आता काका गावच्या सहा एकरांसाठी हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावतायत, मामा म्हणतात "करून टाक, तुला काय करायचीय शेती", आणि स्थळंही बघायला लागलेत. तिला पुढे एमसीए (संगणकातली पदव्युत्तर पदवी) करायचंय. ती विचारते: माझा हक्क काय, आणि मी तो मागितला तर कृतघ्न ठरेन का?

सही करू नकोस, पण लगेच नकारही देऊ नकोस. काकांना एवढंच सांग: "काका, परीक्षा चालू आहे, मसुदा पाठवा, वाचून कळवते." यात खोटं काही नाही आणि वेळ मिळतो. तो वेळ तुला लागणार आहे. तुझ्यासारख्या मुलींच्या बाबतीत सगळं बिघडतं ते क्रम चुकल्याने. मुलगी आधी जमिनीवरून भांडते. मग मामींकडचे कागद मिळत नाहीत आणि काकांकडची वंशावळ मिळत नाही. दोन्ही दारं एकाच आठवड्यात बंद होतात, आणि त्याच वर्षी प्रवेशाची तारीख निघून जाते.

म्हणून सुरुवात मोबाइल नंबरपासून कर. तुझ्या आधारला कोणाचा नंबर जोडलेला आहे ते बघ. लहानपणी आधार काढलं असेल तर बहुधा मामांचा असेल. तो असेल तोवर बँक, महाडीबीटी (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल), डिजीलॉकर (सरकारी कागदांचं ऑनलाइन कपाट), पॅन या सगळ्याचा ओटीपी त्यांच्या फोनवर जातो. तुझ्या नावावर तुझ्याच नकळत काय काय करता येईल याचीही ती किल्ली आहे. नंबर आधार केंद्रात स्वतः जाऊन बदलता येतो, बोटांचे ठसे घेतात, त्यासाठी वेगळं कागदपत्र लागत नाही. सिमकार्ड मात्र तुझ्याच नावावर घे. मामांच्या फॅमिली प्लॅनमधलं सिम तुझ्या हातात असलं तरी मालकी त्यांचीच.

नंबर बदलला की डिजीलॉकर उघड. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका मंडळाकडून तिथे थेट येतात आणि कायद्याने त्या मूळ कागदाइतक्याच ग्राह्य आहेत. राहिलेले कागद मामींकडे मागायचे. "माझे कागद द्या" असं म्हणशील तर घरात वादळ उठेल. "मामी, एमसीएच्या प्रवेशाला मूळ कागद तपासतात, सगळी फाइल लागेल" असं म्हण. तेही खरंच आहे. फाइल हातात आली की त्याच दिवशी स्कॅन कर, दोन झेरॉक्स संच काढ, एक आईकडे ठेव. यात काय काय हवं: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा मृत्युदाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावाकडचं रेशनकार्ड, जातीचा दाखला असेल तर तो, पॅनकार्ड, बँकेची पुस्तकं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तुझं नाव नीट वाच. मामांनी शाळेत घालताना 'पालक' म्हणून स्वतःचं नाव दिलं असेल तर हरकत नाही, पण तुझ्या नावापुढे वडिलांच्या जागी मामांचं नाव किंवा आडनाव लागलं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करायला घे. पुढे जातीच्या दाखल्यापासून वारसनोंदीपर्यंत प्रत्येक टेबलावर हीच चूक आडवी येते.

आता पॅनकार्ड. ते मामांनी काढून दिलं असेल तर आयकराच्या पोर्टलवर स्वतःचं लॉगिन तयार कर आणि वार्षिक माहिती विवरण बघ. तुझ्या नावावर कोणते व्यवहार झालेत ते त्यात दिसतं. सिबिलचा, म्हणजे नावावरच्या कर्जांचा, अहवालही वर्षातून एकदा फुकट मिळतो. हे मामांवर संशय घेण्यासाठी नाही. धनिक घरांमध्ये घरातल्या मुलीच्या नावावर फर्म, कर्ज, प्लॉट ठेवण्याची पद्धत असते आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. तुझ्या बाबतीत एक खास धोका आहे. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला सामान्यतः शेतकरी असावं लागतं. शहरातल्या ज्या नातेवाइकाकडे सातबारा नाही, त्याला शेतकरी घराण्यातली भाची सोयीची पडते: पैसे त्याचे, नाव तिचं. हा बेनामी व्यवहार होतो. त्याला एक ते सात वर्षं तुरुंगवास आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड आहे, आणि ज्याच्या नावावर व्यवहार झाला तोही त्यात सापडतो. "नुसती सही कर, तुझं काही जात नाही" या वाक्याला बळी पडू नकोस.

पुढचा टप्पा जातीचे कागद. तू इतर मागासवर्गातली आहेस असं लिहिलं आहेस, पण दाखला आजवर कोणी काढलेला नाही. मामांचा समज असा दिसतो की त्यांचं उत्पन्न जास्त असल्याने तुला काही मिळणार नाही. हा समज चुकीचा आहे. नॉन-क्रीमीलेयर, म्हणजे मागासवर्गातल्या सवलतींसाठी पात्र, ठरताना आईवडिलांची स्थिती बघतात, मामांची नाही. मामांच्या बंगल्याचा, गाडीचा, आयकर विवरणाचा तुझ्या दाखल्याशी संबंध नाही. गावच्या तहसीलमधून आईच्या उत्पन्नाचा दाखला काढायचा आणि फॉर्ममध्ये पालकाचं उत्पन्न म्हणून तोच लावायचा. पुण्यातल्या एजंटाने घाईत मामांचा फॉर्म सोळा जोडला की अर्ज बाद होतो, आणि दोष सरकारला दिला जातो.

हे महत्त्वाचं का? २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) प्रवेश मिळाला असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत नाही. म्हणजे मामांनी 'ओळखीने' डोनेशन भरून सीट मिळवून दिली तर दोन वर्षांची माफी गेली आणि वर उपकार वाढला. सीईटी दे, कॅपमधून जा. राहण्यासाठी इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला साठ हजारांपर्यंत रक्कम खात्यात येते. तिच्या अटी आणि जागा मर्यादित असतात, म्हणून जाहिरात निघाल्या निघाल्या अर्ज करावा लागतो. साठ हजारांत पुण्यात थाटामाटात राहता येत नाही, पण तिघी-चौघींनी मिळून घेतलेल्या खोलीत राहता येतं.

राखीव जागेसाठी जात पडताळणी लागते, आणि काकांना लगेच 'नाही' म्हणू नकोस असं म्हणण्याचं हेच कारण. पडताळणी बापाकडच्या घराण्यावरून होते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात: आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, जात लिहिलेला महसुली कागद. काकांच्या किंवा चुलत भावंडांच्या नावे आधीच वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र मिळाल्यावर काम फार सोपं होतं. ती प्रत आत्ता, संबंध बरे असताना माग. काकांनी टाळाटाळ केली तर अडून बसू नकोस. गावच्या प्राथमिक शाळेत आईने अर्ज दिला तरी आजोबांचा उतारा मिळतो, आणि कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते. पदवीच्या शेवटच्या वर्षातच हे सुरू कर, कारण समितीकडे महिने जातात.

आता पैशांकडे. वडिलांच्या मागे तुझं नेमकं काय राहिलं हे तुझ्या प्रश्नात कुठेच नाही, आणि बहुधा घरातही कोणी नीट सांगितलेलं नसेल. तीन ठिकाणी बघायचं.

पहिलं, अपघाताचा दावा. वडील वाहनाच्या धडकेत गेले असतील तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आईने किंवा आजोबांनी दावा लावला असण्याची शक्यता मोठी आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून आईचं किंवा वडिलांचं नाव आणि वर्ष टाकून शोध. निकाल झाला असेल तर त्याची प्रमाणित प्रत काढ आणि शेवटचं पान वाच. अल्पवयीन मुलांचा वाटा सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा, असा आदेश न्यायाधिकरणं नेहमी देतात. मुलगी अठरा वर्षांची होते, मोठ्यांच्या लक्षात राहत नाही किंवा ते सांगत नाहीत, आणि ठेव बँकेत आपोआप नूतनीकरण होत पडून राहते. ती तुझी आहे. आधार, पॅन आणि वयाचा पुरावा घेऊन न्यायाधिकरणाकडे रक्कम मिळण्याचा अर्ज करायचा. दावाच लावलेला नसेल तर वकिलाला ताबडतोब विचार. १ एप्रिल २०२२ पासून असे दावे सहा महिन्यांत करावे लागतात. तुझ्या वडिलांचा अपघात त्याआधीचा आहे, तेव्हा त्याला कोणता नियम लागू होतो हा वकिलाने पाहायचा मुद्दा आहे.

दुसरं, भविष्य निर्वाह निधी. कारखान्यात वडिलांचा पीएफ कापला जात असेल तर साठलेल्या रकमेखेरीज कर्मचारी पेन्शन योजना १९९५ खाली विधवेला पेन्शन आणि दोन मुलांना वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत मुलांची पेन्शन मिळते. प्रत्येक मुलाला विधवेच्या पेन्शनच्या पंचवीस टक्के. रक्कम छोटी असते: विधवेला किमान हजार, मुलाला किमान अडीचशे रुपये महिना. पण तू वीस वर्षांची आहेस म्हणजे तुझाही हक्क अजून चालू आहे. पेन्शनसाठी फॉर्म १०-डी, पीएफच्या रकमेसाठी फॉर्म २०, विम्यासाठी फॉर्म ५-आयएफ. वडिलांची जुनी पगारपावती सापडली तर त्यावरचा पीएफ क्रमांक घेऊन आईने त्या विभागाच्या पीएफ कार्यालयात जायचं. कंपनी बंद पडली असली तरी खातं मरत नाही.

तिसरं, बँका आणि विमा. वडिलांच्या नावाची विसरलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधता येते. कुठे नॉमिनी म्हणून काकांचं नाव असेल तरी घाबरू नकोस. नॉमिनी पैसे उचलतो, मालक वारसच राहतात. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

भाऊ अठराच्या आतला आहे, वडील नाहीत, तेव्हा महिला व बालविकास विभागाच्या बालसंगोपन योजनेत त्याच्यासाठी महिना सव्वादोन हजार रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात. ज्यांचे आई आणि वडील दोघेही मूल अठराचं होण्याआधी गेले आणि जे नातेवाइकांकडे वाढले, त्यांनी अनाथ प्रमाणपत्राबद्दलही विचारावं. महाराष्ट्रात अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. तुझी आई हयात असल्याने तुला ते लागू नाही.

आता जमीन. ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि आजोबांच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार (मालकी बदलाची नोंद) असे तीन कागद काढ. फेरफारात तुम्हा तिघांची नावं आहेत का ते बघ. नसतील तर ती लावण्यासाठी आईने वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) किंवा ई-हक्क या ऑनलाइन सेवेतून करायचा. नाव वगळून फेरफार मंजूर झाला असेल तर महसूल संहितेच्या कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: सातबारावर नाव नाही म्हणून हक्क गेला असं होत नाही. फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकी वारसाहक्काने येते.

किती येते? समज, सहा एकर आजोबांची स्वतःची खरेदी होती, मृत्युपत्र नाही, आणि ते तुझ्या वडिलांनंतर गेले. वारस: आजी, काका, आत्या आणि तुझ्या वडिलांची शाखा. चार वाटे, प्रत्येकी साठ गुंठे. तुमच्या शाखेच्या साठ गुंठ्यांत आई, तू आणि भाऊ, प्रत्येकी वीस. जमीन वडिलोपार्जित असेल तर गणित वेगळं, कारण हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहहिस्सेदार आहे. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असोत वा नसोत, मुलीला हा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. "मुलींचा वाटा लग्नात दिला", "आत्याने सोडला, तूही सोड" ही वाक्यं गावात ऐकू येतील. लग्न झालं तरी हक्क जात नाही.

हक्कसोडपत्र एकदा नोंदणीकृत झालं की ते मोडायला फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, आणि दुय्यम निबंधकासमोर हसऱ्या चेहऱ्याने फोटो दिलेला असतो. म्हणून मसुद्यात तीन गोष्टी वाच: मथळा (हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र की कुलमुखत्यारपत्र), मिळकतीचं वर्णन (गट क्रमांक किती, शेतीबरोबर गावठाणातलं घरही घुसवलेलं असतं), आणि मोबदला. "मोबदला मिळाला" असं लिहून शून्य रुपये दिलेले कागद भरपूर असतात. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या मुद्रांकावर सही कधीही नाही. भावाच्या वाट्यावर आईलाही एकटीने सही करता येईल असं धरू नका. अल्पवयीनाची स्थावर मिळकत सोडायला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते, अविभक्त हिश्श्याचे नियम आणखी बारीक आहेत.

यातच तुझ्यासाठी एक मुदत दडलेली आहे. तू अल्पवयीन असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईकडून तुझा हिस्सा कोणी लिहून घेतला असेल, तर तो व्यवहार रद्द करून मागायला सज्ञान झाल्यापासून तीनच वर्षं मिळतात. म्हणजे एकविसावा वाढदिवस. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि गट क्रमांक टाकून जुने दस्त शोध, सापडला तर सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) काढ. या सगळ्या पसाऱ्यात सर्वात जास्त घाई याच कामाची आहे.

मामांबद्दल. कायद्याने ते तुझे पालक नाहीत, तू त्यांची दत्तक मुलगी नाहीस, त्यांच्या मालमत्तेत तुला हक्क नाही, आणि तुला पोसण्याचं त्यांच्यावर बंधनही नव्हतं. तरी त्यांनी अकरा वर्षं सांभाळलं. ही मोठी गोष्ट आहे आणि ती मोठी म्हणूनच बोल. पण त्याच्या बदल्यात बापाची जमीन सोडावी, किंवा त्यांनी निवडलेल्या मुलाशी लग्न करावं, असं कोणताही कायदा सांगत नाही. पाहुण्यांसमोर "ही आमच्या नणंदेची मुलगी, आम्हीच वाढवली" असं मामी म्हणतात तेव्हा मान खाली जाते, असं तू लिहिलंस. मिंधेपणाची ही सवय सहीच्या वेळी सर्वात महाग पडते. सज्ञान मुलीच्या संमतीशिवाय लग्न लावता येत नाही. मामांशी बोलताना मोघम 'आत्ता नको' म्हणू नकोस, तारीख दे: "मामा, एमसीएची दोन वर्षं झाली की स्थळं बघा, तोवर बायोडेटा कोणाला देऊ नका." घरकाम नाकारू नकोस, पण वेळ बांधून घे. सकाळचे डबे मी करीन, संध्याकाळी सात ते दहा अभ्यास, एवढं स्पष्ट. बहुतेक मामा हे ऐकतात. घरात ते पहिल्यांदाच कोणी नीट मांडलेलं असतं.

ऐकलं नाही आणि घराबाहेर काढण्याची, मारहाणीची किंवा कागद अडवून ठेवण्याची वेळ आली, तर कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ फक्त सासरपुरता नाही. रक्ताच्या नात्याने एका घरात राहणाऱ्या स्त्रीलाही तो लागू आहे, तक्रार स्त्रीविरुद्धही करता येते, आणि सामाईक घरातून कायद्याच्या प्रक्रियेशिवाय काढता येत नाही. त्याने मालकी मिळत नाही, संरक्षण मिळतं. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२.

वकिलासाठी मामांकडे पैसे मागायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आईने तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जायचं, तू पुण्यात जिल्हा प्राधिकरणाकडे, किंवा १५१०० वर फोन. जाताना सातबारा, आठ-अ, फेरफार, आजोबा आणि वडिलांचे मृत्युदाखले, हाताने काढलेली वंशावळ (मेलेल्यांच्या नावापुढे तारीख लिहून), काकांनी पाठवलेला मसुदा आणि तुझ्या वयाचा पुरावा एकाच फाइलमध्ये ने. आईला बरोबर घे: जमिनीत वाटा तिचाही आहे, आणि तिच्याकडून अंगठा घेण्याचा प्रयत्न तुझ्याआधी होईल. तिला आजच फोन करून सांग की कोणत्याही कागदावर, बचत गटाचा म्हणून आणला तरी, तुला फोटो पाठवल्याशिवाय सही करायची नाही.